बांधावरचे तण आणि आयर्लंडच्या वह्या : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील एका उत्तराच्या ओघात आयर्लंडमधील शाळकरी मुलांनी १९३७ ते १९३९ या काळात लिहिलेल्या वह्यांचा ओझरता उल्लेख आला होता. गावातील वडीलधाऱ्यांना विचारून त्या मुलांनी गोष्टी, समजुती, शेतातील तणांची नावे आणि घरगुती औषधे उतरवून घेतली होती. त्या दोन वाक्यांवर खान्देशातून इतकी पत्रे आली की हे सदर या वेळी त्याच विषयाला द्यावे असे ठरविले. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी आयर्लंडमध्ये परिचारिका आहे. गेल्या उन्हाळ्यात फिरताना तिचा हात एका झुडपाला लागला आणि मनगटापासून कोपरापर्यंत आग होऊन गांधी उठल्या. तिच्या घरमालकीणबाईंनी शेजारीच उगवलेले एक रुंद पान तोडून चुरगळले आणि तिच्या हातावर चोळले. पाच मिनिटांत बरे वाटले म्हणते. आपल्याकडे खाजकुइली लागली की शेण चोळतात, तसाच हा प्रकार आहे का? आणि विषाशेजारी त्याचा उतारा उगवतो, हे खरे मानावे काय? (एक वाचक भगिनी, अमळनेर)

उत्तर : मुलीच्या हाताला जी वनस्पती लागली ती इंग्रजीत 'नेटल' व आयरिश भाषेत 'न्यानतोग' म्हणून ओळखली जाते आणि जे पान चोळले ते 'डॉक'चे, आयरिश भाषेत 'कुपोग'चे. ही जोडी त्या देशात इतकी प्रसिद्ध आहे की पान चोळताना 'नेटल बाहेर, डॉक आत' अशा अर्थाचे एक यमकही मुले म्हणतात. नेटलच्या पानांवर आणि खोडावर काचेसारखी ठिसूळ, सिलिकायुक्त टोके असलेली पोकळ कुसे असतात. हात लागताच टोक मोडते आणि आतील हिस्टामिन, सेरोटोनिन इत्यादी द्रव्ये इंजेक्शन दिल्यासारखी कातडीत उतरतात.

डॉकच्या रसाने हे विष 'मारले' जाते, असे मात्र सिद्ध झालेले नाही. नेटलमध्ये आम्ल असते आणि डॉकमध्ये अल्क, म्हणून एकाने दुसरे शमते, हे अनेक ठिकाणी वाचायला मिळणारे स्पष्टीकरण तर सरळ चुकीचे आहे, कारण डॉकचा रस स्वतःच आंबट असतो. पटत नसेल तर आपल्याच भाजीबाजारात जा. आपण जिची आंबटगोड भाजी करतो तो चुका हा डॉकचा सख्खा भाऊबंद असून दोघांचे शास्त्रीय कुलनाम 'रुमेक्स' हेच आहे. चुरगळलेल्या पानाचा ओलावा, त्याचा थंडावा, चोळण्याने दुसरीकडे वळलेली संवेदना आणि कोणीतरी आपल्यासाठी धावपळ करीत आहे याचा दिलासा, एवढ्यानेही मधली पाच-दहा मिनिटे सरतात आणि आग तर पुष्कळदा तेवढ्यात आपोआप ओसरू लागलेली असते.

उतारा शेजारी उगवतो, हे निरीक्षण मात्र खोटे नाही. नेटलला नत्र आणि स्फुरद यांनी भरलेली जमीन लागते. उकिरड्याजवळ, गोठ्यामागे, पडक्या घरांच्या जोत्याभोवती ती माजते, आणि माणसांनी व गुरांनी तुडवून घट्ट केलेली तशीच कसदार जमीन डॉकलाही मानवते. देवाने दोघांना शेजारी लावले असे आयर्लंडचा शेतकरी म्हणत असेल, तर मी म्हणेन की त्यानेच आपल्या शेणखताने आणि वहिवाटीने त्यांना शेजारी आणले. लोकऔषधांत दुर्मिळ जंगली मुळ्यांपेक्षा बांधावरच्या आणि अंगणातल्या तणांचा भरणा जास्त का असतो, याचेही कारण यातच आहे. जखम होते ती कामाच्या जागी, निंदताना किंवा कापणी करताना, आणि तेव्हा हाताशी येईल तेच औषध. आयर्लंडमध्ये कापल्यावर जे पान ठेचून बांधत त्या 'प्लँटेन'चे आयरिश नावच 'स्लानलुस' म्हणजे 'बरे करणारी वनस्पती' असे आहे. ते पायवाटेवर पायांखाली तुडवले जाणारे तण असून आपल्या इसबगोलाच्या कुळातले आहे.

खाजकुइलीबद्दल सांगायचे तर तिची कुसे शेंगांवर असतात आणि कातडीत रुतून बसतात. लेप वाळून निघताना काही कुसे त्याच्याबरोबर निघत असतील, पण चोळल्याने ती अधिकच रुततात, शिवाय खरचटलेल्या कातडीवर शेण लावणे म्हणजे धनुर्वाताला आवतण देणे आहे. त्यापेक्षा चिकटपट्टी लावून उचलावी आणि भरपूर पाण्याने धुवावे.

प्रश्न : आयर्लंडमध्ये एका तणावर पऱ्या घोड्यासारख्या बसतात, आणि त्याच तणावर सरकारी कायदाही आहे, असे ऐकले. आमच्या कपाशीच्या बांधांवर आणि गावठाणात गाजरगवताने उच्छाद मांडला आहे. त्याला ना कोणती गोष्ट, ना कोणते औषध. हे असे का? (एक शेतकरी, शिरपूर तालुका)

उत्तर : आपला प्रश्न मला फार आवडला, म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

ते तण म्हणजे 'रॅगवर्ट', आयरिश नाव 'बुअखलान'. कमरेएवढे उंच, उन्हाळ्यात पिवळ्याधमक फुलांनी भरलेले. तिथल्या 'शी' लोकांना आपण सोयीसाठी पऱ्या म्हणतो, पण ते पंखवाले गोंडस जीव नव्हेत. टेकड्यांच्या आत राहणारी, रागावली तर गाय आटवणारी आणि मूल बदलून नेणारी ती मंडळी आहेत, आणि त्यांचा उल्लेख करायचा तर खेडुत 'भली माणसे' असे गोड नाव घेत, जसे आपल्याकडे रात्री सापाला नुसते 'जनावर' म्हणतात. ही मंडळी अंधार पडल्यावर बुअखलानाच्या दांड्यावर मांड ठोकतात, त्याचा घोडा होतो आणि ती रात्रभर आकाशातून दौडत असतात, अशी कथा आहे.

आता त्या तणाचा दुसरा चेहरा पाहा. रॅगवर्टमध्ये पायरोलिझिडीन वर्गातील अल्कलॉइडे असतात आणि ती गुरांचे व घोड्यांचे यकृत हळूहळू निकामी करतात. हिरवे असताना ते कडू लागते, म्हणून गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. चरून साफ झालेल्या कुरणात एकटी पिवळी झाडे उभी दिसतात ती यामुळेच. पण गवताबरोबर कापून वाळवले की कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसेच राहते, आणि हिवाळ्यात गोठ्यात बांधलेले जनावर ते निमूट खाते. गुरांनी सोडलेले झाड दुसऱ्याच कोणाचे तरी वाहन असले पाहिजे, असा त्या कथेमागचा विचार असावा असे मला वाटते. हे माझे मत आहे, पुरावा नव्हे.

१९३६ साली आयर्लंडने उपद्रवी तणांचा कायदा केला. रॅगवर्ट, थिसल नावाचे काटेरी तण आणि डॉक यांचा त्यात नामोल्लेख असून ती आपल्या जमिनीत वाढू न देणे ही जमीनधारकाची जबाबदारी ठरवली, नाही तर दंड. यादीतले तिसरे नाव पुन्हा वाचावे. वरच्या प्रश्नातील डॉक, मुलीच्या हाताची आग शमवणारे पान, ते सरकारच्या लेखी गुन्हेगार ठरले, आणि पुढच्याच वर्षी शाळांतील मुले तेच पान औषध म्हणून वहीत लिहू लागली. दोघांचेही म्हणणे बरोबर होते. 'तण खाई धन' हे शेताच्या मालकाच्या बाजूने पाहिलेले सत्य आहे, आणि वाकून निंदणाऱ्या हाताला त्याच तणाची आणखी पाच-सहा अंगे ठाऊक असतात. आपल्याकडे हराळीचे उदाहरण घ्या. काळ्या जमिनीत ती एकदा बसली की चार वखरांच्या पाळ्यांनाही दाद देत नाही, तिच्या चिवटपणावरून 'हरळीची मुळी' हा वाक्प्रचार झाला, तिला शिव्या देत देत आपण बांध खणतो, आणि भाद्रपद चतुर्थीला तिच्याच एकवीस जुड्या शोधत त्याच बांधावर फिरतो.

गाजरगवताला गोष्ट नाही, कारण ते अजून परके आहे. मूळचे मध्य अमेरिकेच्या बाजूचे हे तण भारतात प्रथम ठळकपणे नजरेस आले ते १९५५च्या सुमारास पुण्यात. आयात गव्हाबरोबर ते आले असे सर्रास सांगितले जाते, आणि 'काँग्रेस गवत' हे नाव त्या काळाची खूण आहे. सत्तर वर्षांत तीन पिढ्या होतात. एखाद्या वनस्पतीशी सोयरीक जुळायला तेवढा काळ पुरत नाही, त्यात हिच्या स्पर्शाने कातडीला खाज आणि परागांनी दम्याचा त्रास होतो, जनावर तिला शक्यतो टाळते आणि खाल्लेच तर दूध कडवट होते. अशा पाहुण्याला ओवीत जागा कोण देणार? परकेपणा हे एकच कारण आहे असे मात्र नाही. कंबरमोडी, म्हणजेच एकदांडी, हीसुद्धा उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली आहे, पण विळा लागला की तिचा पाला चुरगळून जखमेवर पिळणे ही गोष्ट आज आपल्याला पिढीजात वाटते. लोकज्ञान केवळ पुरातन असते असे नाही, नवीन आलेल्यातले कामाचे तेही उचलते. गाजरगवतात त्याला अद्याप तसे काही सापडलेले नाही.

उपायाविषयी थोडक्यात : फुलोऱ्यापूर्वी, पावसाने जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. फुले येण्याआधीचे उपटलेले गवत कंपोस्टमध्ये चालते, फुलावर आलेले नाही. ते खाणारा मेक्सिकन भुंगेरा १९८०च्या दशकात भारतात आणून सोडला गेला आणि पावसाळ्यात तो चांगले काम करतो, त्यामुळे गाजरगवताच्या पानांवर दिसला तर त्याच्यावर फवारणी करू नये.

प्रश्न : नेटलची भाजी करतात म्हणे. दाह करणारा पाला कसा खाता येईल? (एक वाचक, भडगाव)

उत्तर : शिजवल्यावर किंवा उकळत्या पाण्यातून काढल्यावर कुसे निष्प्रभ होतात. मे महिन्यात कोवळ्या नेटलचे तीन वेळा जेवण केले की वर्षभर रक्त शुद्ध राहते अशी आयर्लंडमध्ये समजूत होती, आणि १८४५ पासून बटाट्याच्या रोगाने जो भीषण दुष्काळ पडला त्यात याच पाल्यावर अनेकांनी दिवस काढले. हिवाळाभर ताजी भाजी न मिळालेल्या शरीराला पहिला हिरवा पाला गुणकारी वाटला तर नवल नाही. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर तरोटा, घोळ, तांदुळजा, कुर्डू यांचे असेच स्वागत होते. तिथल्या 'डँडेलिऑन' या तणाची जवळची नातलग मात्र आपल्या शेतातच आहे. ती म्हणजे पाथरी, जी बांधावर बसून कळण्याच्या भाकरीबरोबर कच्ची खाल्ली जाते. तीच खाचेदार पाने, तोच पांढरा चीक, तसाच कडवटपणा. डँडेलिऑनला आयरिश भाषेत 'ब्रिजितचे खाचेदार फूल' अशा अर्थाचे नाव आहे, कारण संत ब्रिजितच्या सणाच्या, १ फेब्रुवारीच्या, मागोमाग ते फुलू लागते.

प्रश्न : माझे आजोबा काविळीवर एक मुळी देत. पैसा घेत नसत आणि झाडाचे नाव कोणाला सांगत नसत, कारण 'नाव सांगितले की गुण जातो'. जाण्यापूर्वी त्यांनी ते मला सांगितले. मी ते जाहीर करावे का? आयर्लंडमध्येही अशी बंधने आहेत का? (एक वाचक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : हुबेहूब आहेत. एखाद्या घराण्याकडे एखाद्या दुखण्याचा 'उतारा' असतो, तो वारशाने जातो, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि कित्येक ठिकाणी तर रोग्याने आभारही मानायचे नाहीत. सातव्या मुलाच्या सातव्या मुलाला उपजतच हातगुण असतो ही समजूतही तिथे प्रसिद्ध आहे. पैसा न घेण्याच्या नियमामुळे गरिबाला दार उघडे राहिले, हा मला त्यातला सर्वांत मोठा गुण वाटतो. गुप्ततेचा तोटा असा की औषध कोणत्या रोग्याला लागू पडले नाही, हे कोणी कधी मोजले नाही.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर थोडे कटू आहे. आयर्लंडमधील लोकऔषधांत चामखिळीवरच्या उपायांची रेलचेल आहे : डँडेलिऑनचा चीक लावणे, दगडाच्या खळग्यात साठलेले पाणी लावणे, गोगलगाय चामखिळीवर चोळून काट्याला टोचून ठेवणे, म्हणजे ती वाळेल तशी चामखीळ वाळेल. इतके निरनिराळे उपाय सगळेच 'लागू' पडतात, कारण चामखीळ बहुधा काही महिन्यांत आपोआपच जाते. दूषित पाण्यातून होणाऱ्या अ आणि ई प्रकारच्या काविळीचेही पुष्कळसे तसेच आहे. बहुतेक रोगी काही आठवड्यांत विश्रांतीने बरे होतात आणि श्रेय शेवटच्या औषधाला मिळते. पण ब आणि क प्रकारची कावीळ, पित्तनलिकेतील अडथळा, किंवा गरोदर स्त्रीला झालेली ई प्रकारची कावीळ ही जीवावर बेतणारी असते, आणि मुळीच्या भरवशावर गेलेले दिवस परत मिळत नाहीत. तेव्हा मुळी देणे थांबवावे, रोग्याला रक्ततपासणीसाठी पाठवावे, आणि झाडाचे नाव मात्र नोंदवून ठेवावे.

नोंद का, तेही सांगतो. 'फॉक्सग्लव्ह' ही घंटेसारख्या जांभळ्या फुलांची वनस्पती आयर्लंडमध्ये परीने बदललेले मूल ओळखण्यासाठी वापरली जाई, आणि ती विषारी असल्याने त्या मुलाचे काय होत असेल ते सांगायला नको. इंग्लंडमध्ये जलोदरासारख्या सुजेवरच्या एका घरगुती काढ्यात तीच वनस्पती होती. विल्यम विदरिंग या डॉक्टरने त्या काढ्यातील नेमके झाड ओळखले, मात्रा किती द्यायची हे रोग्यागणिक टिपून ठेवले, कोण बरे झाले आणि कोण दगावले हेही लपवले नाही, आणि १७८५ साली ते सारे छापले. हृदयविकारात आजही वापरले जाणारे डिगॉक्सिन हे त्याच कुळातील वनस्पतीचे देणे आहे. पान तेच होते. फरक पडला तो वजनकाट्याने आणि वहीने.

आपल्या शेतातील पिवळ्या धोतऱ्याच्या बाबतीतही सावध असावे. चीक कातडीच्या रोगावर लावतात हे खरे, पण त्याचे बी मोहरीत मिसळले गेले आणि ते तेल पोटात गेले की अंगावर सूज येऊन माणसे दगावतात. १९९८ साली दिल्लीत हेच घडले होते. आणि विंचू चावल्यावर आघाड्याची मुळी उगाळत बसू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून विंचूदंशावर खात्रीचा उपचार उपलब्ध आहे. तो दवाखान्यात मिळतो, बांधावर नाही.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेतील सातवीच्या मुलांकडून अशा वह्या लिहून घ्याव्यात असे मनात आहे. आयर्लंडमध्ये हे काम कसे केले? आम्ही कोठून सुरुवात करावी? (एक शिक्षक, चोपडा तालुका)

उत्तर : १९३५ साली तिथे लोकसाहित्य आयोग स्थापन झाला आणि त्याने शिक्षक संघटना व शिक्षण खाते यांच्या मदतीने ही योजना आखली. देशाच्या २६ परगण्यांतील सुमारे ५,००० प्राथमिक शाळा आणि ५०,००० हून अधिक मुले तीत सामील झाली. मुले साधारण ११ ते १४ वर्षांची होती. निबंधाच्या तासाऐवजी त्यांना एकेक विषय दिला जाई, ती घरी आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारीत आणि मग वहीत लिहीत. चांगले मजकूर शाळेच्या मोठ्या वहीत उतरवले जात. असा जो संग्रह झाला तो सुमारे ७,४०,००० पृष्ठांचा असून आज डब्लिनच्या विद्यापीठात जतन केलेला आहे.

त्यातून घेण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे खर्च : वही, शाई आणि एक तास. दुसरी अधिक महत्त्वाची. मुलांनी 'या वनस्पतीचे औषधी गुणधर्म' असला मजकूर लिहिला नाही, तर अमुक म्हातारी अमुक पान कसे वापरत असे, ते तिच्या शब्दांत लिहिले. आपल्याकडे २००२च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. आपल्या ग्रामपंचायतीची नोंदवही जरूर मागून पाहावी, पण तिच्यातील तक्ते मुलांच्या वहीचा साचा म्हणून घेऊ नयेत. तक्त्याच्या रकान्यात झाडाचे नाव मावते, ते सांगणारीचा आवाज मावत नाही.

विचारायचे कोणाला, याबाबत माझा आग्रह आहे. गावात 'जाणकार' म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाईल त्यांच्याआधी रोजाने निंदणीला जाणाऱ्या बायांकडे जावे. माझे बालपण गिरणाकाठच्या एका गावात गेले. आमच्या शेतात निंदायला येणाऱ्या एक मावशी ओळीत बसल्या की तीन ढीग करीत : एक गुरांना, एक भाजीला आणि एक फेकायचा. तिसरा ढीग नेहमी सर्वांत लहान असे. आता त्याच शेतात तणनाशक मारले जाते. मजुरी परवडत नाही आणि माणसे मिळत नाहीत हे मला ठाऊक आहे, तेव्हा शेतकऱ्याला दोष देत नाही. पण फवारणीच्या पंपाला घोळ आणि गाजरगवत यांतला फरक कळत नाही, आणि ज्यांना कळतो त्या मावशींच्या वयाच्या बाया आता सत्तरी-पंचाहत्तरीच्या आहेत.

मुलांना नावे अहिराणीत ऐकू आली तर अहिराणीतच लिहू द्यावीत. त्यांना शुद्ध मराठीचा रंग देऊ नये. तापीकाठच्या गावात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा वस्तीत एकाच तणाची निराळी नावे निघाली तर ती चूक नव्हे, तीच खरी नोंद. प्रत्येक नावासोबत वाळवलेली फांदी कागदात दाबून चिकटवावी, म्हणजे पुढे कोणाही वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला झाड ओळखता येईल. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीनेच घालावे. कोणताही पाला मुलांनी चाखून पाहू नये, ही सूचना वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत असावी, आणि धोतरा, रुई, कण्हेर यांना हात लावल्यावर हात धुण्याची सक्ती करावी.

सुरुवात आघाड्यापासून करावी असे सुचवितो. तो प्रत्येक गावात आहे, प्रत्येकाच्या धोतराला किंवा लुगड्याला कधी ना कधी चिकटलेला आहे, दातवणाला, पत्रीला, भाजीला आणि औषधाला अशा चारही वाटांनी तो घरात येतो, त्यामुळे मुलांना रिकाम्या हाताने परत यावे लागणार नाही. श्रावणात तो कोवळा असतो. पहिली दहा पाने लिहून झाली की या सदराकडे पाठवावीत.